वहिनीची वाटी

माझी वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी रक्तपेढीत नुकतीच नोकरीला लागले होते. पहिल्याच रविवारी मी तिला विचारलं, "तू नेमकं काय काम करतेस गं?" ती म्हणाली, "प्लाझ्मावर संशोधन करते." मला केवढा आनंद झाला! म्हटलं, चला, घरात कामाचं बोलायला कुणीतरी मिळालं. मग मी तिला रक्ताच्या पिशव्या, त्यातून वेगळा काढलेला पिवळसर प्लाझ्मा, तो गोठवून ठेवायची पद्धत, सगळं अगदी रंगवून सांगितलं. तिने मान डोलवत शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाली, "वन्सं, माझा प्लाझ्मा सूर्यातला आहे."

दादा हसून हसून खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. 'वन्सं' ही हाक तिने त्या दिवशी थट्टेने मारली. ती मला कायमची चिकटली.

दादा जनावरांचा डॉक्टर. गाईम्हशींनी लाथा मारलेला, मांजरांनी ओरबाडलेला, पण स्वभावाने लोण्यासारखा. वहिनी त्याच्या अगदी उलट. बोलण्यात चटपटीत, नाकावर राग, आणि स्वयंपाकघरात नुसता आनंदीआनंद. तिने दूध तापत ठेवलं की ते उतू जाणारच, हे आम्ही धरूनच चालायचो. छत्र्या तर तिने इतक्या हरवल्या की आईने तिला शेवटी टोपी घेऊन दिली.

तिचं काम मला कळावं म्हणून तिने खूप खटपट केली. सूर्यातून सतत वारा सुटतो, ती सांगायची. हवेचा नव्हे, इतक्या तापलेल्या वायूचा, की त्याच्या अणूंचे तुकडे झालेत आणि तुकड्यातुकड्यात वीज भरली आहे. तो वारा सगळे ग्रह ओलांडून लांबवर जातो आणि सूर्याभोवती एक प्रचंड फुगा तयार होतो. फुग्याच्या बाहेर ताऱ्यांमधली मोकळी जागा. तिथला प्लाझ्मा वेगळा, थंड आणि दाट. "हा फुगा संपतो कुठे, ते अजून कुणालाच माहीत नाही," असं म्हणताना तिचा चेहरा असा व्हायचा, जणू शेजारी नवा भाडेकरू आलाय आणि तो कोण हे हिला कळल्याशिवाय घास उतरणार नाही.

तिची संस्था बाटल्यांच्या कारखान्यामागे होती. तळघरात एक भलीमोठी लोखंडी टाकी, तिच्यातली हवा काढून घेणारे पंप दिवसभर घरघरत असायचे. पलीकडे काचेमागे एक पांढरीशुभ्र खोली. तिथे जायचं तर टोपी, झगा, हातमोजे, सगळं घालायचं. फार लांब जाणाऱ्या एका यानावर बसवायचं उपकरण वहिनी तिथे बनवत होती. दिसायला थेट वाटी. तोंडावर केसाहून बारीक तारेच्या जाळ्या, एकाखाली एक. सूर्याचा वारा जाळ्यांतून आत शिरला की तळाशी अगदी क्षीण वीज वाहायची, आणि तिच्यावरून कळायचं की वारा किती जोराचा आहे, किती दाट, किती तापलेला. कागदोपत्री त्या उपकरणाला लांबलचक नाव होतं. आमच्या घरात त्याला 'वाटी' म्हणत.

उपकरण यानावर चढवण्याआधी ते गदागदा हलवून बघतात. पहिल्याच चाचणीत वरची जाळी फाटली. संचालक म्हणाले, "जाड तार वापरा आणि मोकळ्या व्हा." वहिनी म्हणाली, "जाड तारेने वाराच अडेल. मग काय वाटीत यानाची धूळ मोजायची?" तिने पुन्हा पहिल्यापासून जाळी ताणायला घेतली. तेव्हा तिची लेक चिमणी पोटात होती आणि दिवस भरत आले होते. पोट आड येई, म्हणून तिचा हात भिंगाखालच्या जाळीपर्यंत पोचेना. शेवटी वर्कशॉपमधल्या मिस्त्रीने तिच्या टेबलाची कड अर्धगोल कापून दिली. त्या खाचेत पोट ठेवून तिने जाळी पुरी केली आणि चिमणीला जन्म द्यायला दवाखान्यात गेली. हाच क्रम, असं ती आजही अभिमानाने सांगते.

त्याच यानावर चुंबकीय क्षेत्र मोजायचं एक यंत्र होतं. ते बनवणाऱ्या गृहस्थांना आम्ही 'चुंबकवाले' म्हणायचो. उंच, सडपातळ, चेहरा कायम औषध प्यायल्यासारखा. त्यांच्या यंत्राला आसपास लोखंडाचा कण चालत नसे, म्हणून ते त्या पांढऱ्या खोलीत येऊन बायकांच्या डोक्यातल्या पिनासुद्धा तपासत. एकदा त्यांनी वहिनीचा आवडता चिमटा न विचारता बाहेर भिरकावला. झालं! तेव्हा दोघांचं जे जुंपलं, ते आजतागायत.

यान उडालं त्या सकाळी सगळी संस्था टीव्हीपुढे उभी होती. वहिनी तेवढी बाहेरच्या पायरीवर चिमणीला मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलेली. "जाळी फाटली असणार," एवढंच घोकत होती. वाटी सुरू व्हायला काही आठवडे होते. तेवढे दिवस घरात सगळ्यांचाच जीव टांगणीला. मग एका दुपारी माझ्या कामावर फोन आला. "वन्सं, वारा लागला!" ती इतक्या जोरात ओरडली की रक्त द्यायला आडवा झालेला माणूस घाबरून उठून बसला.

मग वर्षं गेली. यानाने ग्रहांचे फोटो पाठवले तेव्हा संस्थेत जत्रा होती. ग्रह संपले तशी माणसं पांगली. काहींनी नवी यानं धरली, काहींनी नोकऱ्या बदलल्या. नवे संचालक वहिनीला म्हणाले, "त्या म्हाताऱ्या यानाची पाठ सोडा आता." तिने सोडली नाही. रोज सकाळी जाऊन आलेले आकडे बघायचे आणि सांगायचं, "वारा आहे." दादा म्हणायचा, "माझी जनावरं बोलत नाहीत म्हणून मी रडतो. हिचं जनावर इतकी वर्षं बोलतंय, पण एकच वाक्य."

चिमणी कॉलेजात होती त्या वर्षी ते वाक्य बदललं. आकडे घसरायला लागले आणि काही आठवड्यांत वाटी जवळजवळ रिकामी आली. वारा नाहीच. वहिनीचे पाय जमिनीवर ठरेनात. यान फुग्याबाहेर पडलं होतं!

चुंबकवाले स्वतः घरी आले. पहिल्यांदाच. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "बाई, घाई करू नका. माझ्या यंत्राला काहीच फरक दिसत नाही. यान खरंच बाहेर गेलं असतं, तर मला दिसलं असतं."

"तुमच्या यंत्राला आजवर काय दिसलंय?" वहिनी म्हणाली.

ते चहा न घेताच गेले. वहिनीने परिषदेत जाहीर केलं. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. दादाने ते कात्रण दवाखान्यात, पिसाळलेल्या कुत्र्यांपासून सावध राहण्याच्या सूचनेशेजारी लावलं. येणारा प्रत्येक जण दोन्ही वाचायचा.

आणि मग वारा परत आला. आधी झुळूक, मग चांगला दणदणीत. यान कुठेही गेलं नव्हतं. फुग्याच्या आतच होतं. वारा संपला नव्हता, नुसता पडला होता.

त्या संध्याकाळी मी माझ्या वरच्या मजल्यावरून खाली गेले तर वहिनी भांडी घासत होती. घासलेली भांडी पुन्हा घासत होती. मी फडकं घेऊन शेजारी उभी राहिले.

"वन्सं, मी तोंडघशी पडले गं."

"लागलं का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ती आधी फसकन हसली, मग ओठ आवळून म्हणाली, "लागलं." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून मनसोक्त रडली. साबणाचा हात माझ्या पाठीवर तसाच.

चार दिवस ती बाजारातही गेली नाही. गेली तेव्हा भाजीवाल्याने विचारलंच, "ताई, तुमचं यान परत आत आलं म्हणे?" "हो ना, काहीतरी विसरलं होतं," म्हणाली आणि कोथिंबीर घेऊन आली.

पुढच्या वर्षी त्याच परिषदेत ती त्याच व्यासपीठावर उभी राहिली. मी मुद्दाम तिच्याबरोबर गेले होते. पहिलंच वाक्य, "गेल्या वर्षी मी इथे जे सांगितलं ते चूक होतं. का चूक होतं, ते सांगायला आले आहे." मग फुग्याच्या कडेला वारा कसा मंदावतो, कसा अडतो, कधी कधी कसा मागे वळतो, ते तिने मांडलं. तिचं सगळ्यात नावाजलेलं काम ते हेच. भाषण संपल्यावर पहिला प्रश्न चुंबकवाल्यांनी विचारला आणि तो इतका खवचट होता की ती खूश झाली.

मात्र तिने कानाला खडा लावला. पुढे बऱ्याच वर्षांनी, केस पांढरे झाल्यावर, वाटी पुन्हा रिकामी झाली, तेव्हा वहिनी मिठाची गुळणी धरून बसली. या वेळी चुंबकवाल्यांच्या यंत्रानेही उडी घेतली होती. ते दर दोन दिवसांनी आमच्या घरी.

"बाई, आता तरी बोला! क्षेत्र वाढलंय, वारा नाही, बाहेरून येणारे कण वाढलेत. अजून काय हवं?"

"थांबू या."

"मागे मी थांबा म्हणत होतो तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत!"

"आता ऐकतेय ना?"

वर्षभर तिने त्यांना झुलवलं. वारा परतला नाही. तेव्हा कुठे तिने शोधनिबंध लिहायला घेतला आणि पहिलं नाव त्यांचं घातलं. त्यावरूनही भांडण झालं. त्यांना पहिलं नाव नको होतं.

यान आता ताऱ्यांमधल्या प्लाझ्मात होतं, पण त्याच्यातली वीज संपत चालली होती. यान चालू ठेवायचं तर एकेक उपकरण बंद करणं भाग होतं. एका सकाळी चुंबकवाले जिना चढून धापा टाकत माझ्या दारात आले. "तुमच्या वहिनींना समजवा. बैठकीत त्यांनी स्वतःहून वाटी बंद करायला सांगितलं."

मी त्यांना घेऊन खाली गेले. वहिनी शेंगा सोलत होती.

"माझं यंत्र बंद करा," चुंबकवाले उभ्याउभ्याच म्हणाले.

"बसा आधी. वाटीचं तोंड सूर्याकडे आहे. सूर्याचा वारा मागे राहिला. आता तिच्यात काही पडायचं नाही, आणि ती गरम ठेवायलाच सगळ्यात जास्त वीज जाते. तुमचं यंत्र अजून बोलतंय. हिशेब सरळ आहे."

"सरळ हिशेब कुणाला हवाय?" ते ओरडले. वहिनीने शेंगांचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. दोघं सोलत बसली.

बंद करण्याची आज्ञा तिनेच पाठवली. मला संस्थेतल्या नियंत्रण कक्षात जाऊ दिलं होतं. खोलीतली तरुण मुलंमुली भिंतीला टेकून उभी. यान इतकं लांब की आज्ञा तिथवर पोचायला जवळजवळ एक दिवस, आणि उत्तर यायला आणखी तितकाच वेळ. मधल्या दिवशी काय करायचं? आम्ही दोघी चष्म्याच्या दुकानात गेलो. तिने लालभडक फ्रेम निवडली. मी म्हटलं, "या वयात?" ती म्हणाली, "मग कुठल्या वयात?" घरी आल्यावर मात्र जेवली नाही. दादा तिच्या शेजारी बसून राहिला, आजारी वासराजवळ बसतो तसा, तिच्या पाठीवर हात ठेवून.

उत्तर आलं तेव्हा पडद्यावरची रेघ सपाट झाली. इतकंच. वहिनी उठली, सगळ्या पोरांच्या पाठीवर एकेक थाप मारली आणि म्हणाली, "छान काम केलंत. चहा कुठे मिळतो आता इथे?"

गाडीत बसल्यावर ती रडली. मागच्या सीटवर चुंबकवाले तिच्याहून मोठ्याने रडत होते. मी गाडी चालवत होते, आणि शेवटी तिलाच मागे वळून त्यांची समजूत काढावी लागली.

हल्ली ती आठवड्यातून दोनदा संस्थेत जाते. नव्या यानासाठी नवी वाटी बनते आहे. तिचे हात थरथरतात, म्हणून जाळी तरुण मुली ताणतात आणि ही मागे उभी राहून त्यांना भंडावून सोडते. त्या तिच्या माघारी तिची नक्कल करतात, असं वहिनीला संस्थेत सोडायला जाणाऱ्या चिमणीने मला सांगितलं. वहिनीला सांगितलं तर म्हणाली, "माहितीये. एक जण तर फार छान करते."

रविवारी चुंबकवाले यानाचे नवे आकडे घेऊन येतात. गेल्या रविवारी तिने लाल चष्मा लावून ते वाचले आणि म्हणाली, "हे इथलं चुकलंय तुमचं. यान स्वतःभोवती फिरतं, ते तुम्ही धरलंच नाही."

"धरलंय!"

"कुठे? दाखवा."

ते उभे राहून हातवारे करायला लागले. दादा खुर्चीत झोपला होता, तो दचकून जागा झाला, पोटावरचं मांजर सावरलं आणि पुन्हा झोपला. हे आता तासभर चालणार, हे ओळखून मी उठले आणि चहाचं आधण ठेवलं.