नऊ प्रश्नांचं पत्रक आणि प्रज्ञाचा लॅपटॉप

प्रज्ञा, बारावी सायन्स, राहणार मुकुंदवाडी. फसवणूक तिची झाली. कॉलेज सुरू झालं त्याच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा ते साडेअकराच्या दरम्यान, लॅपटॉपच्या एका चकचकीत दुकानात. त्या वेळी ती दुकानात नव्हतीच. फसवणाऱ्याचं नाव मी छापत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. फसवणुकीला हातभार कुणी लावला ते मात्र सांगते. मी लावला.

मी लॅपटॉप दुरुस्त करते. मन्सूरभाईंच्या दुकानात हे माझं चौथं वर्ष. दोन टेबलं, एक भिंग, एक गरम हवेचं मशीन आणि भिंतीवर टांगलेले मेलेल्या लॅपटॉपचे कीबोर्ड, एवढंच आमचं दुकान. दर रविवारी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मी टेबल टाकून बसते. मुलांना लॅपटॉप घ्यायचा असेल तर कोणता, कशाला, किती दिवस टिकेल, हे पालकांना समजावून सांगायचं. फुकट.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. जायकवाडीत किती पाणी उरलं ते लोक पेपरात आधी बघायचे, मग बाकीच्या बातम्या. नळाला नवव्या-दहाव्या दिवशी पाणी. आणि त्याच वर्षी शहर असं वाढत होतं की विचारू नका. शेंद्र्याकडं नव्या कंपन्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्विमिंग पूलचं चित्र काढलेले फ्लॅटचे बोर्ड, आणि जागोजागी लॅपटॉपचे शोरूम. ज्यांनी आयुष्यात कीबोर्डला बोट लावलं नाही अशी माणसं टेबलाशी येऊन विचारायची, "ताई, पोरीसाठी कोणता घेऊ?"

मी पत्रकं लिहिण्यात मोठी झालेली मुलगी. हॉस्टेलचं पाणी, बसचे पास, शिष्यवृत्तीची दिरंगाई, सगळ्यावर पत्रकं काढली. पत्रकात मुद्दे असतात, मुद्द्यांना नंबर असतात, शेवटी इशारा असतो. लॅपटॉपवरही मी तेच केलं. "पालकांनो, फसू नका. पैसे देण्याआधी दुकानदाराला हे नऊ प्रश्न विचारा." नवा आहे का? वॉरंटी आहे का? पक्कं बिल मिळेल का? रॅम नंतर वाढवता येते का? असे नऊ. प्रत्येकापुढं टिक करायला चौकोन. अभ्यासिकेत वाटली, रिक्षा स्टँडवर वाटली, शेंद्र्याच्या कंपन्यांच्या गेटवर शिफ्ट सुटताना वाटली. मला त्या पत्रकाचा अभिमान होता, हे कबूल करते.

तर त्या सोमवारनंतरच्या गुरुवारी प्रज्ञाची आई, छायाताई, दुकानात आल्या. शेंद्र्याच्या एका कंपनीत पॅकिंगला आहेत. गेटवर पत्रक घेतलेल्यांपैकी. टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप त्यांनी टेबलावर ठेवला, लेकरू ठेवावं तसा. मागं प्रज्ञा उभी होती.

"ताई, ह्याच्यात काई भरंनाच झालंय," छायाताई म्हणाल्या.

"काय भरताय?"

उत्तर प्रज्ञानं दिलं. "सीईटीच्या सरावाचं सॉफ्टवेअर. कॉलेजनं दिलंय. जागा नाही म्हणतं."

इंजिनिअरिंगला जायचं तर सीईटी द्यावी लागते आणि ती कॉम्प्युटरवर असते. समोर प्रश्न, कोपऱ्यात पळतं घड्याळ, हातात माउस. ज्या पोरांच्या घरी मशीन आहे ती वर्षभर सराव करतात. बाकीची पोरं परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा माउस धरतात, आणि घड्याळ कुणासाठी थांबत नाही. प्रज्ञाला ते सॉफ्टवेअर हवं होतं ते एवढ्यासाठी.

मी लॅपटॉप उघडला. पातळ, सोनेरी, दिसायला देखणा. कीबोर्डवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. आत पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

दोन गोष्टी सांगते, सोप्या आहेत. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा लहान असला की एका वेळी एकच भांडं मावतं, दुसरं ठेवायचं तर पहिलं उचला. स्टोरेज म्हणजे धान्याची कोठी, कायमचं सामान तिथं. ह्या लॅपटॉपचा ओटा लहान, कोठी त्याहून लहान, आणि विंडोजनंच जवळजवळ सगळी कोठी भरून टाकलेली. तरीही एरवी मी म्हटलं असतं, पाठ उघडू, मोठी बसवू. इथं तेही नाही. दोन्ही गोष्टी बोर्डावर डाग देऊन पक्क्या केलेल्या. स्लॉट म्हणजे खाच असते, तिच्यात नवी पट्टी बसते. इथं खाचच नाही. जन्मभर जे आहे ते आहे.

"छायाताई, हा कुणी निवडून दिला? सोबत कोण होतं?"

"कोण असणार? तुमचा कागद व्हता की."

त्यांनी पर्समधून पत्रक काढलं. नऊ चौकोन, नऊ निळ्या टिका. सहाव्या प्रश्नापुढंही टिक. रॅम नंतर वाढवता येते का? हो.

"म्या एक बी सवाल सोडला नाय," त्या म्हणाल्या. "त्यो हो म्हनला की टिक करायची. समद्याला हो म्हनला. म्हनलं, चांगला मानूस हाय."

मी उठले. मन्सूरभाई भिंगातून वर न बघता म्हणाले, "किधर?"

"त्या दुकानात."

"बेटा, पहले चाय पी. गरम डोके से जाएगी तो वो ठंडा बैठेगा."

मी चहा न पिता गेले. छायाताई बरोबर. प्रज्ञाला दुकानातच बसवलं.

शोरूममध्ये एसी होता, थंड पाण्याची मशीनही होती. बाहेर वस्त्या टँकरची वाट बघत होत्या. मी मालकासमोर लॅपटॉप ठेवला. "रॅम वाढवता येते म्हणून सांगितलंत. दाखवा कुठून."

तो गोड हसला. "मॅडम, बाहेरून हार्ड डिस्क लावता येते ना. मेमरी वाढलीच की."

"ती रॅम नाही. तुम्हालाही माहीत आहे."

"ताईंनी रॅम दाखवा असं कुठं म्हटलं? येते का विचारलं, मी बोललो. सही पण आहे त्यांची. बिलावर बघा, सर्व तपासून घेतले."

सही होती. छायाताई आडवी रेघ मारून नीट सही करतात.

"बदलून द्या."

"उघडलेला पीस परत होत नाही मॅडम. आणि एक सांगू का, तुमचं पत्रक लई कामाचं आहे." त्यानं मागच्या काचेकडं बोट दाखवलं. तिथं माझं पत्रक चिकटवलं होतं. मोठं करून, रंगीत. वर लिहिलं होतं, आमच्याकडे नऊच्या नऊ प्रश्नांना हो.

मी काचेजवळ गेले. अक्षर माझं, इशारा माझा, चौकोन माझे. येणारे पालक तो कागद बघून निवांत होत असणार. ज्या माणसापासून लोकांना वाचवायचं त्याच्या हातात मी तयार जाहिरात दिली होती. प्रश्न विचारा, एवढंच मी शिकवलं होतं. हो म्हणायला कुणाचं काय जातं? पाठ उघडून दाखवा, सॉफ्टवेअर आत्ता माझ्यासमोर टाकून दाखवा, यातलं एक अक्षर त्या पत्रकात नव्हतं.

आणखी एक उणीव होती. ती परत आल्यावर कळली.

परत आलो तेव्हा प्रज्ञा माझ्या टेबलाशी बसली होती. मन्सूरभाईंनी तिच्यापुढं आमचा जुना, जाड, काळा लॅपटॉप ठेवला होता, ज्यावर आम्ही पार्ट तपासतो. ती काही करत नव्हती. दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून बसली होती, बटणं न दाबता. आई दिसल्यावर तिनं हात मांडीत घेतले.

"दाब की," मी म्हटलं. "मोडत नाही."

"ह्याची पाठ उघडते ना?" तिनं विचारलं. "ह्या मॉडेलला रॅमचे दोन स्लॉट आहेत. एक रिकामा असतो."

मी तिच्याकडं बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

तिनं सॅकमधून वही काढली. फिजिक्सची वही, मागच्या बाजूनं सुरू केलेली. दहावीपासूनचं लिखाण होतं. मैत्रिणीच्या फोनवर व्हिडिओ बघून उतरवलेलं. मॉडेलची नावं, रॅम किती, स्लॉट किती, पाठीचे स्क्रू सुटतात का, बॅटरी काढता येते का. काही नावांवर काट मारलेली, बाजूला कारण: बोर्डला चिकटवलेली रॅम. आईनं आणलेल्या सोनेरी लॅपटॉपचं नावही त्या यादीत होतं. त्यावर काट दोनदा मारलेली. शेवटच्या पानावर तिनं एक लॅपटॉप पेनानं काढला होता, बटणांसकट, सगळी अक्षरं जागच्या जागी. त्या चित्रावरची काही अक्षरं बोटांनी फिकी झाली होती.

छायाताई वही उलटत राहिल्या. वाचत होत्या की नुसती पानं बघत होत्या, मला कळलं नाही.

"सोमवारी हिला का नाही नेलंत?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

"सोमवारीच मला सुट्टी व्हती. आन त्याच दिवशी नळाची पाळी. दहाव्या दिवशी येनारं पानी. घरी कोन थांबनार? हीच थांबली."

"आणि तू बोलली का नाहीस?" हे प्रज्ञाला.

"पाणी साडेदहाला आलं," ती म्हणाली. "मला वाटलं, भरून झालं की जाऊ. आई आली तेव्हा दोन टाक्या बाकी होत्या. लॅपटॉप घेऊनच आली. एवढी खूश होती."

छायाताई खाली बघून म्हणाल्या, "मला बी सातवीत असंच पान्याला ठिवलं व्हतं. पैठनच्या अलीकडं आमचं गाव, धरन दिसायचं घरातून. पन हंडा आनायला कोस दीड कोस. मास्तर दोनदा घरी आले बोलवायला. तिसऱ्यांदा नाय आले." मग लेकीकडं बघून, "लई बघत व्हते मी त्यांची वाट."

मन्सूरभाईंनी भिंग काढून ठेवलं. मला आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तो दिवस आठवला. बाबा आणि दादा आणायला गेले होते. मी गच्चीवर टाकीपाशी होते, रस्त्याच्या वळणाकडं डोळे लावून. रिक्षा आली, खोकं उतरलं, दादानं ते उचलून आत नेलं. टाकी भरेपर्यंत मला खाली जाता आलं नाही. मी आज रोज वीस लॅपटॉप उघडते, तरी त्या खोक्याची टेप मीच कापायला हवी होती असं वाटत राहतं. हे मी कधी पत्रकात लिहिलं नाही. पत्रकात असलं बसत नाही.

"अब रोना-धोना नक्को," मन्सूरभाई म्हणाले. "ये काला लॅपटॉप दोपहर को खाली रहता. कॉलेज छूटा के इधर आना. सॉफ्टवेअर मैं डाल देता हूँ."

"फुकट?" छायाताईंनी विचारलं.

"फुकट कायकू? तेरी बेटी मेरे पेंचकस जागे पे रखेगी. ये लडकी चार साल में नहीं सीखी." पेंचकस म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, आणि ही लडकी म्हणजे मी.

प्रज्ञा रोज दुपारी येऊ लागली. पहिल्या सरावाला घड्याळ संपलं तेव्हा तिचे अर्धे प्रश्न बाकी होते. माउस हातातून निसटायचा. ती पुन्हा सुरू करायची. पाण्याच्या दिवशी यायची नाही. त्या दिवशी तिची खुर्ची रिकामी दिसली की मन्सूरभाई कॅलेंडरकडं बघायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. दिवाळीनंतर छायाताईंनी कंपनीत सुट्टीचा दिवस नळाच्या पाळीप्रमाणं बदलून मागितला. मिळाला. पाण्याला त्या थांबू लागल्या, प्रज्ञाची दुपार सुटली.

ग्राहक तक्रार आम्ही केली. तारखा पडतात, मी जाते, पुढची तारीख घेऊन येते. निकाल लागला की नाव छापीन. काचेवरचं रंगीत पत्रक मात्र नोटीस पोचली त्या आठवड्यात निघालं. सोनेरी लॅपटॉप बदलून मिळाला नाही. त्यात मी एक हलकी सिस्टीम टाकून दिली. प्रज्ञाच्या सॉफ्टवेअरला ती चालत नाही. छायाताईंना चालते. जेवणं झाली की त्या एका बोटानं टाइप करत बसतात. पाढे, गावाची नावं, वर्गातल्या मुलींची नावं. सातवीच्या हजेरीपटावर होती त्याच क्रमानं, असं प्रज्ञानं मला सांगितलं.

सीईटी झाली. मार्क तिचे आहेत, इथं छापायला नाहीत. शेवटचा प्रश्न सोडवला तेव्हा घड्याळात चार मिनिटं बाकी होती, एवढं सांगायची तिनं परवानगी दिली आहे.

नऊ प्रश्नांचं पत्रक मी रद्द केलं. ज्यांच्याकडं असेल त्यांनी फाडून टाका. धंद्यातलं माणूस म्हणून एवढं शिकले की दुकानदाराचं हो हे तपासणीत धरायचं नसतं, आणि घरात मशीनबद्दल सगळ्यात जास्त कुणाला कळतं हे घरच्यांना बहुतेक वेळा माहीत नसतं.

आता तुमच्याकडं वळते. तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमच्याही घरात बारावीची, दहावीची, आठवीची कुणी असेल. लॅपटॉप घ्यायला तिला दुकानात न्या. स्टूल मागा, तिला बसवा, तिच्यासमोर पाठ उघडायला लावा, तिच्या शाळेचं सॉफ्टवेअर तिच्या हातानं टाकून बघू द्या. ती नको म्हणाली तर उठा. आणि त्या दिवशी नळाला पाणी येणार असेल, तर पाण्याला तुम्ही थांबा. तिला पाठवा.