रताळ्याचा उपास

बाळांनो, तुमच्या आईला मधुमेह निघाल्याचं पत्र आल्यापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. काय खायचं याचा छापील कागद डॉक्टरांनी दिलाय, असं तुम्ही लिहिता. म्हणून आजच लिहायला बसले.

आमच्याही घरात हा आजार आला, तेव्हा मी बारामतीला इंग्रजी शाळेत होते. इंदापूरकडे कालव्याखाली आमचा ऊस होता. माझ्या वडिलांच्या, आबांच्या, पायाला उसाचं खोडकं लागलं आणि जखम महिनाभर भरेना. बारामतीच्या डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला. जखम वर चढली तर पाय कापावा लागेल म्हणाले. पथ्याचा इंग्रजी कागद दिला, लघवी तपासायला निळं औषध आणि काचेची नळी दिली. घरात इंग्रजी येणारी मी एकटी, म्हणून शाळा बुडवून घरीच राहिले.

चुलीपाशी मी पहिली ओळ वाचली : धान्य बंद, गूळ-साखर बंद.

"म्हंजी उपास!" आई उठलीच. "त्यो काय मला शिकवाय पायजे व्हय?"

"जन्माची एकादस लागली म्हनायची," आबा म्हणाले.

मी कागद घडी करून ठेवला. भाकरीच्या जागी उकडलेली रताळी, साबुदाणा, खजूर आला.

रोज सकाळी मी औषधात आठ थेंब लघवी घालून नळी दिव्यावर उकळायची. निळं राहिलं तर साखर नाही. विटेसारखं लाल झालं तर फार. रोज लालच. मी नळी धुवायची, पुन्हा उकळायची, ओसरीवर येरझाऱ्या घालायची. जखमेला वास येऊ लागला होता. गुऱ्हाळ चालू होतं, माझा संशय तिकडे गेला.

"आबा, काहिलीपाशी बसून गूळ खाता ना?"

"जिभंला लावला न्हाय! चार बुकं शिकलीस, आता बापाला चोर म्हन."

त्यांनी रताळ्याचं ताट बाजूला सारलं. दिवसभर ताकावर राहिले.

दुसऱ्या सकाळी नळी प्रथमच हिरवट झाली. मी उभ्या उभ्या कागद काढला, उलटला. मागच्या बाजूला छापलं होतं : रताळी, बटाटे, साबुदाणा, खजूर वर्ज्य.

"देवाला चालतं ते डाक्तरला का चालंना?" आई म्हणाली. पण संध्याकाळी मेथी, वांगी आणि अंडी शिजली.

आबांची माफी मागायला मला जमलं नाही. "भाकरीबिगर जेवान म्हंजी बैलाबिगर गाडी," असं कुरकुरत ते जेवायचे आणि मी खाली मान घालून वाढायची. पंधरवड्याने नळी निळी राहिली. डॉक्टरांनी दोन बोटं कापली, पाय वाचला. कागद आधीच उलटला असता तर बोटंही राहिली असती का, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही.

तुमच्या आईचा कागद दोन्ही बाजूंनी वाचा.

नळी केव्हाच फुटली. आबांचा कागद माझ्या ट्रंकेत आहे. त्याच्या पाठीवर मी त्या दिवशी पेन्सिलीने केलेलं मराठी भाषांतर अजून वाचता येतं.