गल्लीतली सगळ्यात श्रीमंत बाई

समजा, तुम्हाला तासाभरात गरीब व्हायचं आहे. म्हणजे मुळात तुम्ही गरीब आहातच, पण तसं दिसायलाही हवं. काय काय लपवाल? छताचा पंखा काढलात तर आकडा लोंबकळत राहतो. टीव्ही हलवलात तर भिंतीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उरतो आणि तो चौकोन टीव्हीपेक्षा जास्त बोलतो. मिक्सर पलंगाखाली सरकवाल, पण घरात पलंगच नसला तर? करून बघा एकदा. श्रीमंत दिसायला उसनं आणता येतं. गरीब दिसायला डोकं लागतं.

शिवणवाल्या काकूंच्या गल्लीला ते डोकं होतं. शहरात गरिबीचा अभ्यास करणारी एक मोठी संस्था होती आणि तिच्या फाटकापासून बुटांना चिखल न लागता पोचता येईल अशी ही एकच गरीब गल्ली होती. त्यामुळे शास्त्राची सगळी कृपा तिच्यावर. दर थोड्या वर्षांनी पाहणी यायची. "आठवड्यातून किती वेळा उपाशी झोपता?" असं विचारलं की गल्लीतली शेंबडी पोरंही आधी विचारणाऱ्याचा चेहरा वाचायची आणि मगच उत्तर द्यायची. पाहणीत सगळ्यात खालचा दर्जा मिळाला की पदरात काहीतरी पडायचं. कधी चादर, कधी पाणी गाळायची बादली, काहीच नसलं तर प्रशिक्षण.

काकूंच्या दृष्टीनं या वेळी गोष्ट चादरीची नव्हती. त्यांच्या लेकीला दूरच्या कॉलेजात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. खालच्या दर्जाच्या घरातल्या मुलींना तिथलं वसतिगृह फुकट होतं आणि काकूंचा दर्जा मागच्या पाहणीतच खालचा ठरलेला होता. शाळेचे गणवेश शिवणारी विधवा बाई, एक खोली, एक मशीन, कापड बेतायचं एक टेबल. शंका घ्यायला जागाच नव्हती. लेकीची बॅग भरून दाराशी तयार होती.

पाहणी येणार अशी कुणकुण लागली आणि गल्लीतला रंगारी चार शेजाऱ्यांना घेऊन काकूंच्या दारात उभा राहिला.

"काकू, तुमचं मोजून झालंय. झालेल्या घरात परत कोण येतंय? सगळ्यांचं सामान तुमच्याकडे ठेवू."

"माझ्याकडे? मलाच इथे अंग आखडून झोपावं लागतं!"

"टेबलाखाली अख्खं दुकान मावेल, काकू. वरून गणवेशाचं कापड सोडलं की झालं."

समोरच्या घरातली वहिनीही आली होती. गटाराच्या भांडणापासून ती काकूंशी बोलत नसे. ती रंगाऱ्याकडे बघत म्हणाली, "तिला सांगा, माझ्या मिक्सरला ओरखडा आला तर तिचं मशीन उचलून नेईन."

काकूही रंगाऱ्यालाच म्हणाल्या, "तिला म्हणावं, मिक्सर आहे, नवरदेव नाही. एवढा मिरवायला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा होण्याआधी सगळ्या गल्लीचं सामान काकूंच्या खोलीत पोचलं होतं. गरिबांनी एकत्र येऊन काही करावं म्हणून संस्थेनं आजवर कितीतरी शिबिरं घेतली होती. त्यात हे कुणाला जमलं नव्हतं. इथे एकानं सांगितलं, दुसऱ्यानं उचललं, तिसरीनं झाकलं, अध्यक्ष नेमायचीही गरज पडली नाही.

पाहणीवाली ताई आली. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर शिकवून पाठवलेलं हसू. ती गल्लीत शिरली ती तडक काकूंच्या दारात.

"काकू, या वेळी आम्ही जुन्या घरांपासून सुरुवात करतोय. मागच्या वेळेपासून काय बदललं ते बघायचंय."

काकू टेबलाच्या आडव्या आल्या. तेवढ्यात ताईचा पाय कापडात अडकला, कापड सरकलं आणि टेबलाखालून चार टीव्ही एका रांगेत शाळेतल्या मुलांसारखे बघू लागले. मागे पंख्यांची चळत, बाजूला रंगाऱ्याचा कूलर, कूलरच्या डोक्यावर वहिनीचा मिक्सर.

"अहो काकू, एवढे पंखे?"

"उकडतं फार."

"आणि चार टीव्ही?"

"एकात नीट दिसत नाही."

ताईनं टॅब खाली केला. "खरं सांगा काकू, हे सगळं तुमचं आहे?"

काकूंनी दाराबाहेर बघितलं. सगळी गल्ली नळावर, ओट्यावर, खिडकीत उभी होती आणि कुणाच्याही हातात काम नव्हतं. एकाचं नाव घेतलं तर सगळ्यांची नावं निघणार. "माझं नाही," काकू म्हणाल्या.

"मग कुणाचं?"

काकूंनी सरकलेलं कापड परत ओढून घेतलं.

"आमचा नियम आहे, काकू. जे घरात दिसेल ते घराचं." ताईनं एकेका वस्तूचा फोटो काढला आणि तिचं बोट टॅबवर टपटप चाललं. पुढे ती गल्लीभर फिरली. प्रत्येक घरात तिला एक रिकामा आकडा आणि एक स्वच्छ चौकोन तेवढा मिळाला.

संध्याकाळी सामान परत गेलं. वहिनीनं मिक्सर उजेडात फिरवून फिरवून तपासला. आणि महिना संपायच्या आत वसतिगृहाकडून लेकीच्या मोबाइलवर निरोप आला: आपल्या कुटुंबाचा दर्जा सर्वात वरचा झाला आहे, जागा रद्द. अभिनंदन.

काकू दारोदार फिरल्या. "एकदा चला आणि सांगा, सामान माझं नव्हतं म्हणून. पोरीचं वर्ष जाईल हो."

"जाऊ की," रंगारी म्हणाला. "एवढी चादर पदरात पडू दे, काकू. मग बघू."

नंतर काकूंना संस्थेचं आमंत्रण आलं. संस्थेच्या सभागृहात विषमतेवर परिषद होती आणि गल्लीलाही बोलावलं होतं, मागच्या खुर्च्या भरायला. एसी इतका गार होता की गल्लीतल्या बायकांनी पदर डोक्यावरून घेतले. संचालकांनी पडद्यावर एक आलेख दाखवला. तळाशी मुंग्यांसारखे ठिपके होते आणि मधोमध एकच उंच खांब. तो खांब म्हणजे काकू.

"एका गल्लीत इतकी तीव्र विषमता आम्ही कुठेच पाहिली नव्हती," संचालक हरखून म्हणाले. "सगळे पंखे, सगळे टीव्ही एका घरात. बाकीच्या घरांत वारासुद्धा नाही! त्या घराच्या प्रतिनिधी आज आपल्यात आहेत."

काकू उठल्या. हातात गणवेशाच्या उरलेल्या तुकड्यांची पिशवी होती. "साहेब, त्यातलं माझं काहीच नाही."

संचालक प्रेमळ हसले. "वरच्या थरातली माणसं नेहमी असंच म्हणतात."

सभागृहही हसलं. काकूंनी मागे वळून बघितलं. गल्लीतल्या प्रत्येकाला आपल्या चपलांमध्ये एकदम काहीतरी फार बघण्यासारखं सापडलं होतं. कुणी उठलं नाही. संचालकांनी पुढचं चित्र लावलं. पडदाभर मिक्सर.

"हा पाहा, या बाईंच्या चैनीचा नमुना."

"कुणाच्या चैनीचा?" मागून वहिनीचा आवाज आला. ती खुर्चीवरून उठलीच होती. "हिच्या? हिची ऐपत आहे का मिक्सर घ्यायची? तो माझा आहे! माझ्या भावानं दिलाय, तीन भांड्यांसकट!"

"अगं, खाली बस," रंगाऱ्यानं तिचा पदर ओढला.

"का बसू? माझा मिक्सर हिच्या नावावर मिरवतायत!"

मग पुढच्या चित्रात कूलर आला आणि रंगाऱ्यालाही राहवेना. "तो रंग बघा, साहेब, मी स्वतः दिलाय!" मग पंखे, मग टीव्ही. भीतीनं जे झालं नव्हतं ते जळफळाटानं झालं. सगळी गल्ली उभी राहून आपापली श्रीमंती ओरडून सांगत होती.

काकूंना वाटलं, सुटले. संचालकांचे डोळेही चमकत होते. "म्हणजे संपत्तीची सामूहिक साठवण! यावर स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा!"

"अभ्यास करा साहेब, पण माझा दर्जा?"

"तुमचं म्हणणं नोंदवून घेऊ. पण हे निष्कर्ष छापून झालेत. दुरुस्ती पुढच्या पाहणीत."

लेक सध्या वसतिगृहातल्याच एका मैत्रिणीच्या खोलीत, दोन पलंगांच्या मधल्या फटीत झोपून शिकते आहे. वसतिगृहवाल्यांनी बघितलं तर तेही बंद. गल्लीला चादरी मिळाल्या नाहीत. वहिनी आता काकूंशी थेट बोलते, म्हणजे थेट भांडते.

परवा पाहणीवाली ताई दारात आली. पॅन्ट आखूड करून हवी होती आणि काकूंच्या नजरेला नजर देणं जमत नव्हतं. काकूंनी तिला टेबलापाशी उभं केलं आणि टेपचं एक टोक तिच्या कमरेला धरलं.

"तुमच्या सरांच्या घरी पंखे किती गं?"

"मला काय माहीत, काकू?"

"मोजायला कोण जातं तिथे?"

"तिथे कुणी जात नाही."

काकू टेपचं दुसरं टोक बोटात धरून तशाच थांबल्या.

"मग ताई, तुम्ही म्हणता ना, वरच्यात आणि खालच्यात अंतर किती ते मोजतो म्हणून. एक टोक माझ्या घरात धरलंत. दुसरं कुठे धरता?"