खैरुनबीची माफीफेरी

१९५३ साली धारची पिंजारीण खैरुनबी हजला निघाली आणि अर्ध्या धारची झोप उडाली. हजला जाण्याआधी दुखावलेल्या प्रत्येकाची माफी मागायची रीत. आणि कापूस पिंजून कमावलेल्या त्या हातांनी सोडलं होतं कुणाला? बैलाला पराणी टोचणाऱ्या गाडीवाल्याला तिनं चाकाला बांधून झोडपलेलं. चिंतामणी मास्तर तर ती फाटकात दिसताच आतून ओरडले, "माफ केलं खैरुनबी! तिथूनच जा!"

उरला एकच. देवासचा रहीमबख्श, धाकट्या बहिणीचा, शरीफनचा नवरा. बायकोला मारतो म्हणून खैरुनबीनं त्याचे दोन दात पाडले होते. त्याच्या माफीवाचून हज कसला?

मौलवीसाहेबांनी बायकांचे नियम पढवले होते. प्रवासात नमाजाच्या चार रकातींच्या, म्हणजे आवर्तनांच्या, दोनच पढायच्या. नमाजात बोलायचं नाही. अगदीच अडलं तर बाईनं हाताच्या पाठीवर टाळी द्यायची.

"आणि कुणाचा जीव जात असला तर?"

"तर नमाज मोडायची, वाचवायचं, मग पहिल्यापासून पढायची."

आपल्या नवऱ्याला घेऊन ती देवासला रहीमबख्शच्या घरी पोचली. तो बिचारा ओट्यावरच टेकला. आधी दुपारची नमाज, मग माफी, म्हणून तिनं जानमाज अंथरली. पहिल्याच रकातीत मागून रहीमबख्श गरजला, "बहन को बुलाया? उरलेले दात मोजायला?" पाठोपाठ लाकडाचा ठोका, शरीफनची किंचाळी.

खैरुनबीनं टाळी दिली. भिंतीवरची पाल खाली पडली, पण रहीमबख्श थांबला नाही. दुसरी टाळी. कडकन हाड मोडलं. लाकूड आता शरीफनच्या डोक्यावर उगारलेलं.

नमाज मोडली.

रहीमबख्श आधी रांजणावर आदळला, मग रांजणासकट अंगणात. उंबऱ्यावर त्याचा जबडा, मानेवर तिचा गुडघा, रक्ताच्या गुळणीत तिसरा दात. मग तिनं हात धुतले, नमाजाआधीचा वुजू केला, दोन रकाती शांतपणे पढल्या आणि त्याच्याकडे वळली.

"कहा-सुना माफ कर, भिया."

"माफ! पुढचंही माफ!"

खैरुनबी खूश. तेवढ्यात मोडका हात मांडीवर घेऊन बसलेली शरीफन म्हणाली, "त्याची माफी घेतलीस, आपा. माझी? 'जरा हाताचा कडक आहे, पण कमावता आहे,' म्हणून हे स्थळ आणलं कुणी?"

खैरुनबी वाकली. शरीफननं पाय मागे घेतले.

"आज नाही."

ओट्यावरून नवरा म्हणाला, "मग मुंबईची गाडी?"

"धारची मोटार बघा. तिघांची."

हात सांधायला दोन महिने लागले. जहाज केव्हाच गेलं. धारला खैरुनबी बहिणीला घासाघासानं भरवी, आणि घरी असल्यामुळे पुन्हा पुऱ्या चार रकाती पढे.