म्हाताऱ्याचे कपडे

आमच्या गल्लीत नाताळच्या सुट्टीभर म्हातारा बनत असतो. म्हातारा म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा. एकतीस डिसेंबरला तो जाळायचा. नंदाखालला फ्लॅट घेतला तेव्हा ही शेजारच्या ख्रिस्ती घरांची गंमत होती. आता माझ्या दोन्ही पोरांना ती दिवाळीच्या किल्ल्यापेक्षा प्यारी आहे. किल्ला जाळता येत नाही, हे त्याचं कारण असावं.

गल्लीचा नियम एकच: कपडे खऱ्या माणसाचे हवेत, आणि बघणाऱ्याला ते ओळखता आले पाहिजेत. यंदा कपडे देण्याची पाळी आमच्या घराची होती. मी मोठ्या मनाने माझा टी-शर्ट आणि बर्मुडा पुढे केला.

"पप्पा, बर्मुडातला म्हातारा कोण जाळतं?" लेक म्हणाली.

"आणि तुम्ही अजून नीट म्हातारे नाही झालात," धाकट्याने भर घातली. "नुसतं पोट आलंय."

बायकोला हसून हसून ठसका लागला. त्याच भरात तिने कपाट उघडलं आणि माझ्या वडिलांचा पांढरा शर्ट, लेंगा नि टोपी काढून दिली. "हे घ्या. पडूनच तर आहेत."

पडून होते हे खरं. वडील ते वर्षातून एकदाच घालायचे, गावी शिमग्याला, पालखीच्या दिवशी. गणपतीत ते बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, गावाकडची पाखाडी ते आता चढणार नाहीत. दगडी पायऱ्यांची ती वाट चढल्याशिवाय आमचं घर येत नाही. हे त्यांना सांगायचं कोणी, यावर आम्ही नवरा-बायको अजून विचारच करत होतो. ते मात्र रोज वॉकर घेऊन हॉल ते गॅलरी फेऱ्या मारत. "शिमग्यापर्यंत पाय मोकळा होतो की नाही बघ," मला बजावत.

'अगं, ते नको' असं मी म्हणणारच होतो. तेवढ्यात लेकीने टोपी घातली, कंबरेत वाकली आणि खुर्ची पुढे ढकलत आजोबांची चाल करून दाखवली. टक्, फरफट. टक्, फरफट. मी इतका हसलो की म्हणायचं राहूनच गेलं. वडील आत झोपले होते.

जवळच्या चांदीप गावाहून आणलेला पेंढा भरून, पोटात फटाके घालून, म्हातारा आमच्याच गॅलरीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. धाकट्याने काठ्यांचा वॉकरही बनवला.

एकतीसच्या संध्याकाळी शेजारच्या मावशी बघून थांबल्याच. "अगो बाय, हुबेहूब!" मग मान वर करून ओरडल्या, "काका, बघा, तुम्हाला खाली बसवलाय!"

वडील कठड्याला धरून वाकले. बराच वेळ बघत राहिले. मी शेजारी उभा होतो.

"टोपी माझी आहे."

"हो."

"शर्टपण."

"पोरांनी घेतला. आपण नवीन आणू ना."

"शिमग्याला मी जाणार नाही, हे कधी ठरलं?"

नातेवाइकांच्या लग्नांत मला माझ्या विनोदांसाठी पुढे बसवतात. त्या वेळी एकही आठवेना.

"डॉक्टर म्हणाले."

"कधी?"

"दवाखान्यातून सोडलं तेव्हाच."

त्यांनी कठडा सोडून वॉकर धरला. मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मी उगाच चाललो."

आणि दाराकडे वळून, "मला खाली ने."

लिफ्टने खाली येताना मला वाटत होतं, ते शर्ट उतरवून घेणार. पोरंही चोरासारखी मागे सरकली. वडील म्हाताऱ्यापाशी पोचले, एका हाताने वॉकर धरला आणि दुसऱ्या हाताने त्याचं गळ्याचं बटण लावलं. वेळ लागला, पण लावलं. तिरकी टोपी सरळ केली.

"पालखीला गळा उघडा ठेवत नाहीत," ते लेकीला म्हणाले. "हं, पेटवा."

पोरं लहान म्हणून आमच्या गल्लीत म्हातारा तिन्हीसांजेलाच जाळतात. चौघांनी त्याला खुर्चीवरून उचलून रस्त्याच्या मधोमध ठेवला. खुर्ची रिकामी झाली, तशी वडील तिच्यावर बसले. पेंढा भसकन पेटला, पोटातले फटाके फुटले, धाकटा टाळ्या पिटत नाचला. कुणीतरी ओरडलं, "हॅपी न्यू इयर, काका!" वडिलांनी हात वर केला.

राख झाल्यावर मी विचारलं, "वर जायचं?"

"बसू दे," ते म्हणाले. "आता कसली घाई."