तांडेल जागा हवा

होडीच्या तळाशी पाणी साठतं ना, तसे आमच्या कामात किस्से साठतात. भोक कुठे दिसत नाही, पण आठवड्याभरात पाय भिजलेले असतात. अधूनमधून उपसून बाहेर टाकले नाहीत तर आपणच बुडायचो. म्हणून आज उपसायला बसलेय.

काम काय ते आधी सांगते. मी मूळची नांदगावची, हायवेवरची. मानसशास्त्र शिकले आणि एका छोट्या संस्थेत लागले. दर सोमवारी देवबागला जायचं आणि दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक घ्यायची. सोमवार का? तर त्या दिवशी बऱ्याच घरांत मासे नसतात, आणि 'मासो नसलो काय हिची पण आठवण कमी येता' असं मला सांगण्यात आलं. बैठक भरते भिवाच्या होमस्टेमध्ये, पाहुण्यांच्या जेवणाच्या शेडखाली. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये रेतीची चिंचोळी पट्टी आणि त्या पट्टीवर मी. मला पाण्याची भीती वाटते. तशी कुकरच्या शिट्टीचीही वाटते. पण नोकरी ती नोकरी.

*

पहिल्या दिवशी संस्थेने माझ्या हातात एक प्लास्टिकचा मेंदू दिला. रंगीत, तुकडे सुटे होणारा, लोकांना समजावून सांगायला. मी तो मांडीवर घेऊन एसटीत बसले. एका वळणावर समोरून डंपर आला, त्याने हॉर्न मारला, मी दचकले आणि मेंदू खाली! तुकडे सीटांखाली चौफेर.

कंडक्टर वाकला, एक गुलाबी तुकडा उचलून त्याने सगळ्यांना दाखवला. "ह्यो मेंदू कोणाचो?"

मी मान खाली घालून म्हटलं, "माझा."

"बरा झाला," तो म्हणाला. "गाडयेत एकाक तरी आसा."

*

आमच्या बैठकीतला मुख्य माणूस जयरामकाका. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. वीसेक वर्षं तो आपल्या थोरल्या भावाच्या, वामनदादांच्या होडीवर तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. सुकाणू त्याच्या हातात, खलाश्यांचा जीवही त्याच्याच हातात. मागच्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी तो पिऊन सुकाणूवर बसला आणि खाडीच्या मुखाशी होडी रेतीवर चढवली. माणसं वाचली. जाळी फाटली. वामनदादांनी सुकाणू काढून घेतलं आणि सांगितलं, पुढच्या हंगामापर्यंत कोरडा राहिलास तर परत बस, नाही तर कायमचा किनाऱ्यावर बस.

आणि त्याच दिवसापासून रतनकाकी, म्हणजे त्याची बायको, त्याच्याशी बोलायची बंद झाली. बाजारात मासे विकताना तिचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. घरातही सगळं बोलायची, पण मांजराशी.

"गो माऊ, तेका सांग, जेवण वाडलला आसा."

मांजर सांगायचं नाही. पण निरोप पोचायचा.

*

रोज पिणाऱ्याने एकदम बंद करणं धोक्याचं असतं, म्हणून जयरामकाकाला आधी डॉक्टरांकडे नेलं, औषधं सुरू केली. त्या दिवसांत त्याचे हात फार थरथरायचे. मी घरी विचारपूस करायला गेले. रतनकाकीने आम्हा दोघांपुढे चहा ठेवला, कपबशीत.

त्याने बशी उचलली. कप खडखड वाजायला लागला. मला त्याच वेळी आठवलं की मी पहिल्यांदाच कुणाच्या घरी एकटी आलेय, काही चुकीचं बोलले तर? माझीही बशी वाजायला लागली. थोडा वेळ आम्ही दोघं समोरासमोर बसून नुसतीच खडखड.

जयरामकाकाने माझ्या हाताकडे पाहिलं. मग फार मायेने विचारलं, "बाई, तुमी कदी सोडलात?"

*

मेंदूचा तास मी घरी आरशासमोर पाच वेळा म्हणून पाहिला होता. शेडमध्ये मेंदू टेबलावर मांडला. हा कपाळामागचा भाग. विचार करणारा, 'आता पुरे' म्हणणारा. दारू पोटात गेली की तो लवकर सुस्तावतो. हा मागचा, तोल सांभाळणारा. आणि हा आतला, घडलेलं नोंदवून ठेवणारा.

जयरामकाकाने कपाळामागचा तुकडा हातात घेतला. "म्हणजे पयलो तांडेल झोपता."

"हो, तसंच काहीसं."

"आणि मगे खलाशी म्हणतत, चला, आज आपणच होडी हाकूया."

"म्हणून तर बरा वाटता रे," भिवा म्हणाला.

मी घाईने मेंदूचा पुढचा तुकडा उचलला.

मग जयरामकाकाने हळूच विचारलं, की होडी रेतीवर कशी चढली ते त्याला आठवतच नाही, असं का? मी सांगितलं, तुम्ही विसरलात असं नाही. नोंदवणाराच झोपला होता, त्यामुळे नोंद झालीच नाही. आता शोधून सापडणार काय?

शेडच्या कडेला रतनकाकी रिकामी पाटी घेऊन बसली होती. तिने पायाशी घोटाळणाऱ्या मांजराकडे पाहिलं. "माऊ, तेका सांग, माका सगळा आठवता. व्हया तर येवन विचार म्हणा."

तेव्हापासून देवबागात कुणीही मूर्खपणा केला, अगदी न पिता केला, तरी लोक म्हणतात, तांडेल झोपलो वाटता.

*

भिवाही सोडू पाहणाऱ्यांतलाच, पण त्याची अडचण वेगळी. त्याच्याकडे उतरणारे पाहुणे संध्याकाळी बाटली उघडणार आणि म्हणणार, "भाऊ, कंपनी म्हणून तरी घ्या." नाही म्हटलं की त्यांना वाईट वाटतं, आणि वाईट वाटलेला पाहुणा पुढच्या वर्षी शेजारच्या तारकर्लीला उतरतो. म्हणून भिवाने युक्ती केली. काचेचा ग्लास, बर्फ, आणि आत कोकम सरबत. पाहुण्यांना सांगितलं, ही आमची स्पेशल.

दुसऱ्या ग्लासाला त्याची जीभ जड झाली. तिसऱ्याला तो गायला लागला, आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्यावर नाचायला. आतून त्याची आई आली. तिने ग्लास हिसकावला, वास घेतला, एक घोट प्यायली.

"ह्या कोकमाचा सरबत आसा," ती म्हणाली. "आता तरी सरळ उबो ऱ्हव."

सोमवारी भिवा चेहरा पाडून आला. "बाई, आईच्यान सांगतंय, नाटक नाय केलंय. खरीच चढली."

मी म्हटलं, यात लाजण्यासारखं काही नाही. ग्लास, बर्फाचा आवाज, शेंगदाणे, शेजारी हसणारी माणसं, एवढं जमलं की मेंदू पुढचं आपोआप सुरू करतो. सवय आहे ती. त्याला वाट माहीत असते, तो विचारत बसत नाही.

आता भिवा कोकम सरबत स्टीलच्या फुलपात्रातून पितो. म्हणतो, "फुलपात्रात कसली चढता?"

*

एकदा भिवाने विचारलं, स्वप्नात घेतली तर धरायची का? सोडल्यावर अशी स्वप्नं पडतात, मी म्हटलं, त्यात काही चूक नाही.

जयरामकाकाला मात्र तपशील हवा होता. "खंय बसललास?"

"तुमच्या होडयेत."

"आणि मी?"

"तू सुकाणू धरून होतंस."

"पियान?"

"नाय. तुका आमी दिलीच नाय."

जयरामकाकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बरो मित्र रे तू," तो म्हणाला. "सपनात तरी तांडेल केलंस."

*

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपत आली. जयरामकाका कोरडा राहिला होता. वामनदादांनी शब्द पाळला, पण एक गाठ राहिली. खाडीच्या मुखाशी राखणदाराचा, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाचा, पाषाण आहे. हंगामाच्या पहिल्या दिवशी, होडी पाण्यात ढकलण्याआधी, तांडेलाने त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं, त्याला दारूचा वाटा द्यायचा आणि उरलेली प्रसाद म्हणून स्वतः घ्यायची. बाटलीही आदल्या दिवशी तांडेलाच्याच घरी ठेवायची. वाडवडलांपासूनची रीत.

तोवर मी देवबागातच भाड्याने खोली घेतली होती. आदल्या दिवशी दुपारी जयरामकाका तिच्या दारात. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली.

"बाई, ही तुमच्याकडे ऱ्हवांदे. घरात ठेवलंय तर मी तिका बगीन, ती माका बगीत."

नाही कसं म्हणणार? मी ती कपाटात, मेंदूच्या खोक्यामागे लपवली आणि बाजारात गेले. परत येते तर माझी घरमालकीण सुमनमावशी माझ्या पलंगावर बसलेली. चादर काढायला तिने कपाट उघडलं होतं. मी दचकले, आणि दचकलेलं माणूस निर्दोष दिसत नाही.

"बस हय," ती म्हणाली. "चेडवा, एकटी ऱ्हवतंस, ताण येता, माका कळता. पण अख्खी बाटली?"

"मावशी, ती माझी नाही, देवाची आहे."

"सगळे असाच सांगतत." तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "पयलो तांडेल झोपता गो. मगे काय खरा नाय."

माझाच तास, गावभर फिरून माझ्याकडे परत आला होता. बाटली तिने परसातल्या माडाच्या मुळाशी ओतली होती.

मी धावत जयरामकाकाकडे गेले. धाप लागल्यामुळे सगळं उलटसुलट सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "माड पडलो नाय मा?"

वामनदादा तिथेच जाळी आवरत होते. त्यांना हसू आलं नाही. "दुसरी हाड. देवाचो वाटो चुकूचो नाय. बाटली नाय तर तांडेलकी नाय."

जयरामकाका जाळीचं दुसरं टोक आवरू लागला. एक घोट पोटात गेला तर पुढचं काय होईल, हे त्यालाही माहीत होतं, मलाही. आणि रतनकाकी दारात उभी होती. मांजर समोर होतं, तरी ती त्याच्याशीही बोलली नाही.

*

सकाळी मी गेले. जाऊ नये असं वाटत होतं, म्हणजे भीतीच वाटत होती, तरी गेले. पाषाणासमोर खलाशी, वामनदादा, भिवा. एका बाजूला बायका. जयरामकाका आला. त्याच्या हातात बाटली नव्हती, किटली होती. एका बाजूला पोचा आलेली ती किटली मी ओळखली. रतनकाकीच्या चुलीवरची.

वामनदादांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण गाऱ्हाणं सुरू झालं की मध्ये बोलायचं नसतं.

"बा राखणदारा म्हाराजा, खाडी दर्याक मिळता थय तू उबो आसस."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आमच्या होडयेची, खलाश्यांची, घरादाराची राखण तू करतंस."

"व्हय म्हाराजा."

"वर्सान् वर्सां तुका सोरो दिलो, तू गोड मानून घेतलंस."

"व्हय म्हाराजा." हा सगळ्यात मोठ्याने.

जयरामकाकाने श्वास घेतला. "गेल्या हंगामाक होडी रेतीर चढली. तेवा मी पियान होतंय. आणि म्हाराजा, राग मानू नको, पण तू पण पियान होतंस. मीच तुका सकाळी पाजललंय. दोघांचेय तांडेल झोपलले. मगे राखण कोण करतलो?"

एका खलाशाने हसू गिळलं.

"तेवा म्हाराजा, ह्या वर्साक आपण दोघांनी चाय घेवया. होडी सुखरूप हाड. जमात मा?"

आता 'व्हय' म्हणायचं. कुणी म्हणेना. म्हटलं आणि उद्या वादळ आलं तर? सगळे वामनदादांकडे बघत होते, वामनदादा वाळूकडे.

आणि बायकांच्या बाजूने, अख्खा बाजार फाडून जाणारा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

मी दचकून भिवावर पडले. पण त्याच क्षणी सगळ्या खलाश्यांच्या तोंडून "व्हय म्हाराजा" निघून गेलं. ठरवून नाही, निघूनच गेलं. एकाने म्हटलं की बाकीच्यांनी म्हणायचं, जन्मभराची सवय. वामनदादांचंही निघालं. तोंडावर हात गेला त्यांचा, पण उशिरा. देवासमोर एकदा 'व्हय' म्हटलं म्हणजे म्हटलं.

जयरामकाकाने पाषाणावर चहाची धार धरली. हात थरथरत नव्हता. मग किटली तशीच धरून तो रतनकाकीकडे बघत उभा राहिला.

"असे बगतास काय?" ती म्हणाली. "उरलली तुमी घेवा. निवता ती."

मांजर घरी होतं.