वाकडा समुद्र

दिंडोशीच्या कोर्टासमोरच्या गल्लीत सुबोध घाडीचा फोटो स्टुडिओ आहे. आत एक स्टूल, एक निळा पडदा, एक छत्रीवाला दिवा आणि कोपऱ्यात संगणक. कोर्टाच्या कागदांवर चिकटवायला लोक फोटो काढून घेतात, आणि कोर्टाची पायरी चढणाऱ्या माणसाची झोप नीट झालेली नसते. सुबोध त्यांच्या डोळ्यांखालचं काळं पुसतो, कॉलर सरळ करतो, गालांवर थोडा उजेड टाकतो. तीस वर्षं तो माणसांचा शीण पुसत आला आहे, आणि त्याचा हात त्यात असा बसला आहे की पुसलेलं कुठे होतं ते शोधून सापडू नये.

बारा वर्षांपूर्वी त्याने आपल्या वडिलांचाही शीण असाच पुसला.

वडील, राजाराम घाडी, गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर वर्सोव्याला बर्फाच्या कारखान्यात लागले. चहाच्या पाकिटांची कूपनं साठवून त्यांनी एक कॅमेरा मिळवला होता. त्याचं भिंगसुद्धा प्लास्टिकचं. मागचं झाकण घट्ट बसत नसे, म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी. तरी फटीतून ऊन शिरायचं आणि फोटोवर नारिंगी ओघळ उतरायचा. कडा काळवंडायच्या, मधलं तेवढं जरा धड यायचं. त्याच कॅमेऱ्यातला, वर्सोव्याच्या धक्क्यावरचा, राजारामांचा एकुलता एक फोटो घरी होता.

राजाराम गेल्यावर सुबोधने तो फोटो स्वच्छ केला. ओघळ काढला, कडा उजळल्या, मिशी काळी केली, उघडं तोंड मिटवलं आणि समुद्राच्या जागी आपला निळा पडदा लावला. मूळ फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला होता, काढताना त्याच्या चिंध्या झाल्या. आणि आधी काचेवरूनच संगणकात उतरवून घेतलेल्या फाईलवरच त्याने सुधारलेला फोटो सेव्ह केला. गिऱ्हाइकाच्या कामाची तो नेहमी दुसरी प्रत ठेवी. हा घरचा, म्हणून ठेवली नाही.

त्याची आई, विमला, बारा वर्षं काही बोलली नाही. बोलली ती नातीच्या, ऋतिकाच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या तेव्हा.

घाड्यांच्या घरात पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी गेलेल्या माणसाला. ती घरातल्या थोरल्या बाईने फोटोसमोर ठेवायची, मगच बाकीच्या वाटायच्या. विमलाबाईंनी देवापुढे पत्रिका ठेवली, भिंतीवरच्या त्या सुधारलेल्या फोटोकडे पाहिलं आणि कुंकवाची वाटी खाली ठेवली.

"ह्येका नाय ठेवूचंय."

"म्हणजे काय आई?" सुबोधची बायको श्वेता म्हणाली. "बाबा आहेत ते."

"ह्यो? ह्यो कोण बँकेतलो सायब. भिंतीर होतो तो होतो, मी काय बोललंय नाय. पण आवातणा खऱ्या माणसाक देतत."

लग्न वीस दिवसांवर आलेलं, आणि दोनशे पत्रिका कपाटावर पडून राहिल्या.

ऋतिका म्हणाली, "टेन्शन काय घेता पप्पा? जुन्या कॅमेऱ्याचा फिल्टर असतो ना. एका मिनिटात झकास करते." तिने केला. चारही कडा सारख्या काळ्या, रंग सारखा विटलेला.

आजीने चष्मा लावला. "त्याच माणसाक धुळीत लोळवलंस गो."

दुसऱ्या दिवसापासून सुबोध आईलाच रोज स्टुडिओत आणून स्टुलावर बसवू लागला. तिच्या सांगण्यावरून मिशी पांढरी केली, सुरकुत्या ओढल्या. रविवारी तो वर्सोव्याला जाऊन आला. मढला जाणारी बोट सुटते तिथे उभं राहून त्याने खाडीचं तोंड मोबाईलमध्ये घेतलं, आणि पडदा काढून ते पाणी वडिलांमागे भरलं.

"समुद्र सरळ कसो?" आई म्हणाली. "माझो हात कापत होतो."

सुबोध वळला. "तुझा हात? फोटो तू काढलेलास?"

"मगे कोणी? ते कॅमेऱ्याफुडे, तू शाळेत."

त्याने समुद्र वाकडा केला, इतका की पाणी आता फ्रेमबाहेर सांडेल. कडा विरघळवल्या, डावी जास्त, उजवी कमी. ओघळ उतरवला. जी खोट घालवण्यात हयात गेली तीच आता मेहनतीने घालायची होती. आई पुढे वाकून बघत राहिली.

"आणि माझो आंगठो खंय गेलो?"

सुबोधचा हात थांबला. मूळ फोटोच्या खालच्या कोपऱ्यात एक गुलाबी डाग होता खरा. सगळ्यात आधी त्याने तोच कापला होता.

"त्या बघूच्या भोकातसून माका खंय दिसता? भोक वर, भिंग खाली. ते समोरसून आरडत होते, आंगठो काढ गे, आंगठो काढ! म्हणान तर तोंड उघडा होता."

सुबोधने ओठांमध्ये तांदळाएवढी काळी सावली ठेवली. मग मोबाईलचा कॅमेरा आईपुढे धरला.

"घाल अंगठा."

"आता म्हातारो झालो रे तो. विळीन कापलेलो."

"घाल गं तू."

तिने घातला. सुबोधने तो कोपऱ्यात बसवला आणि धूसर करत नेला. विळीची खूण गेली, सुरकुत्या गेल्या. उरला एक गुलाबी ढग, त्याला वय नव्हतं. त्याच्यापलीकडे वाकड्या समुद्रापुढे एक माणूस बायकोवर ओरडत होता.

विमलाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. सुबोधला कोर्टात उभं असल्यासारखं वाटलं.

"ह्येच ते," त्या म्हणाल्या. "आरडा आता किती आरडूचा ता."

त्यांनी पिशवीतून पत्रिका आणि कुंकवाची डबी काढली. रोज सोबत आणत होत्या, हे सुबोधला तेव्हा कळलं. कुंकवाचं बोट लावून त्यांनी ती संगणकाच्या पडद्याला टेकवून ठेवली.

"आई, घरी फ्रेम करून..."

"तोवर ह्येंका ताटकळत ठेवू?"

सुबोधने फाईल सेव्ह केली. दुसरी प्रत केली. पेन ड्राईव्हवर तिसरी. श्वेताला फोन लावून म्हणाला, "कपाटावरच्या पत्रिका काढ."